तिसरा आग्रह

(मिनेसोटाच्या वायव्येला, साखरेच्या बिटाच्या शेतांच्या मधोमध एक घर आणि रिकामा गोठा. अंगणात एक फिरतं घर उभं आहे : पुढे स्टिअरिंग, मागे ओटा, बिछाना, न्हाणी. त्याच्या सावलीत आर्विड खुर्ची टाकून बसला आहे, वय शहाऐंशी. त्याची मुलगी मार्लिस ही गाडी विकायला काढून बसली आहे. गिऱ्हाईक म्हणून आलेली रमोना. ऑक्टोबरमधली दुपार.)

आर्विड : छत गळतं.

मार्लिस : गळत नाही.

आर्विड : गळायचं.

मार्लिस : एकदा. एकदाच, आणि ड्वेनने तेव्हाच्या तेव्हा बुजवलं. रमोना, तू आत ये. बाबांकडे लक्ष देऊ नकोस.

रमोना : अहो, सांगू दे की त्यांना. कुठे गळायचं, आजोबा?

आर्विड : मी तुझा आजोबा कधी झालो?

रमोना : मग काय म्हणू?

आर्विड : आर्विड म्हण. बिछान्यावर गळायचं. बरोबर माणूस डोकं ठेवतं तिथे.

मार्लिस : बाबा, तुम्ही या गाडीत एक रात्र तरी झोपलायत का?

आर्विड : नाही. गळतं म्हटल्यावर कोण झोपेल?

रमोना : मला हसू येतंय, राग नका मानू. बाई गं, आत किती जागा आहे! मी सरळ उभी राहतेय. मार्लिस, माझ्या व्हॅनमध्ये ना, पँट घालायची तर आडवं पडून घालावी लागते. चव्वेचाळीस वर्षांची बाई मी, रोज सकाळी तडफडणाऱ्या माशासारखी.

मार्लिस : हा गॅस. दोन शेगड्या चालतात, तिसरी मी कधी लावली नाही.

आर्विड : बिघडलीय.

मार्लिस : बिघडलेली नाही. लागलीच नाही मला. ही पाण्याची टाकी, ही घाण पाण्याची. हे दोन काटे बघत राहायचे. आंघोळ करताना पाणी अंगावर घ्यायचं, बंद करायचं, साबण लावायचा, मग परत सोडायचं. सवय झाली की काही वाटत नाही.

आर्विड : सवय झाली की जात नाही. घरात मी दात घासतो तर ही धावत येऊन नळ बंद करते. विहीर माझी, पाणी माझं, तोंड माझं.

रमोना : तुम्ही इथे राहता? घरात?

मार्लिस : दिवसभर घरात. झोपायला इथे.

रमोना : समोर एवढं दुमजली घर असून?

मार्लिस : घर हलत नाही ना. गाडी वाऱ्याला जराशी हलते. नऊ वर्षं तशी झोपलेय. घरात पडलं की मला वाटतं, कुठेतरी अडकलेय.

आर्विड : मे महिन्यापासून अंगणात आहे. चर्चमधले विचारतात, लेक आली का? मी म्हणतो, आली, अंगणापर्यंत आली. घरात यायची आहे अजून.

मार्लिस : बाबा.

आर्विड : काय? खोटं आहे का?

रमोना : तुमचा आज कामाचा दिवस मोडला नाही ना मी? आमचं बिटाचं काम आज बंद ठेवलंय. ऊन वाढलं. उन्हात उपटलेलं बीट ढिगात सडतं म्हणे. मी म्हटलं, सुट्टी मिळालीच आहे तर गाडी बघून येऊ.

आर्विड : बरोबर केलं त्यांनी. ऊन लागलेलं बीट नासतं. तू ट्रकवर आहेस?

रमोना : ढिगापाशी. ट्रक आला की हात करायचा, माती झाडायची, पुढचा ट्रक. बारा तास. न्यू मेक्सिकोहून आले मी हे करायला. माझी मुलगी म्हणते, आई, तुला वेड लागलंय. म्हटलं, लागू दे, वीस वर्षं शहाणी होते, काय मिळालं?

मार्लिस : आम्ही पण पहिल्या वर्षी बिटापासूनच सुरुवात केली. मी आणि ड्वेन.

रमोना : मिस्टर तुमचे?

मार्लिस : हो. तीन वर्षं झाली त्याला जाऊन. यूमातच गेला, ॲरिझोनात. हिवाळ्यात आम्ही तिथेच असायचो.

रमोना : मग तीन वर्षं एकट्या चालवलीत तुम्ही ही?

मार्लिस : चालते. एकटीलाही चालते. फक्त मागे घेताना कोणी हात दाखवायला नसतं.

आर्विड : यूमाला हवा छान झालीय आता. सकाळी पेपरात होतं.

मार्लिस : ऐकलं मी. सकाळी सांगितलंत, काल सांगितलंत, परवाही सांगितलंत.

आर्विड : छान झालीय म्हणून सांगतो.

रमोना : मग विकताय का? नाही, म्हणजे, लोक गाडी विकतात ती काहीतरी असतं म्हणून. इंजिन तर नाही ना?

मार्लिस : इंजिन उत्तम आहे. बाबा एप्रिलमध्ये पडले.

आर्विड : घसरलो.

मार्लिस : मागच्या दाराशी. खुब्याला मार लागला. शेजारचा ऑर्लिन नसता तर...

आर्विड : बर्फ होता.

मार्लिस : एप्रिल संपत आला होता, बाबा. ऑर्लिन म्हणाला, अंगण कोरडं होतं.

आर्विड : ऑर्लिनला काय माहीत. गोठ्याच्या सावलीत राहतो बर्फ. कोपऱ्यात होता. एवढासा.

मार्लिस : एवढासा बर्फ आणि तुम्ही तासभर तिथे पडून. ऑर्लिनला तुम्ही सापडलात तेव्हा ओठ निळे होते.

आर्विड : सापडायला मी काय हरवलो होतो? तो कॉफीला आला, मी तिथे होतो. माझ्याच दाराशी. तुला सांगतो पोरी, ही गाडी विकतेय ती तिच्या मर्जीने. माझं नाव त्यात घालायचं नाही.

मार्लिस : कोणी घातलं नाव?

आर्विड : आत्ता घातलंस. ब्रेक पण बघून घे. डावीकडे ओढते.

मार्लिस : ओढत नाही!

रमोना : आजोबा... आर्विड, तुम्हाला ही गाडी विकायचीय की नाही?

आर्विड : माझी कुठेय? मी नुसता बसलोय. कॉफी घेणार?

रमोना : हो, घेईन की. आणि ताटलीतली ती वडी कसली आहे? भोपळ्याची? एक उचलते. काय झालं? दोघं असे बघताय काय? तुमच्यासाठी ठेवली होती का?

मार्लिस : नाही नाही, खा. बाबांना जरा धक्का बसला.

रमोना : वडी खाल्ली म्हणून?

मार्लिस : पहिल्याच विचारण्याला हो म्हणालीस म्हणून. आमच्याकडे तसं म्हणत नाहीत. पहिल्यांदा विचारलं की म्हणायचं, नको, आत्ताच झाली. दुसऱ्यांदा विचारलं की म्हणायचं, कशाला उगाच त्रास. तिसऱ्यांदा विचारलं की मग, बरं, अर्धा कप.

रमोना : आणि मग अर्धाच कप देतात?

आर्विड : भरून देतात. पण मागायचा अर्धा.

रमोना : अरे देवा. माझ्या आजीकडे एकदा नको म्हटलं की ताट उचलून कुत्र्यापुढे जायचं. आम्ही सगळे हो म्हणतच मोठे झालो. तुमच्याकडे एखादा उपाशी नाही का मरत?

आर्विड : मरत नाही. कारण विचारणारा तीनदा विचारतो. ती त्याची जबाबदारी. नको म्हणणं हे पाहुण्याचं काम, आणि विचारत राहणं घरच्याचं. दोनदा विचारून जो थांबतो त्याला द्यायचंच नसतं.

रमोना : आणि खरंच नको असेल तर?

आर्विड : तर चौथ्यांदाही नको म्हणतो माणूस. कळतं ते.

मार्लिस : झालं पुराण? रमोना, चालवून बघतेस ना? इथून सरळ जा, धान्याच्या कोठारापाशी रस्ता मिळतो, तिथून उजवीकडे वळत वळत परत ये. चार वळणं. रस्ता सुटायची सोयच नाही.

रमोना : एकटी नेऊ?

मार्लिस : तुझी व्हॅन इथे आहे, त्यात तुझा संसार आहे. पळून कुठे जाशील? थांब, आधी एक चक्कर. गाडी हलवायच्या आधी नेहमी सगळीकडून एक चक्कर मारायची. एकाने आत बसायचं, एकाने बाहेरून ओरडायचं. तू आत बस. मी विचारते, तू सांग. नळी?

रमोना : काय सांगू?

मार्लिस : काढली, म्हण. मी बघितलीय, काढली आहे. पण म्हणायचं. तोंडाने म्हटलं की चुकत नाही.

रमोना : काढली!

मार्लिस : वायर?

रमोना : काढली!

मार्लिस : अँटेना?

रमोना : कुठेय? हां. खाली!

मार्लिस : चाकाखालची लाकडं? ती मीच काढते. काढली. पायरी?

रमोना : ही लोखंडी? आत घेतली! आणि ती खालची लाकडी?

मार्लिस : ती ड्वेनने केलेली. लोखंडी पायरी माझ्या गुडघ्यांना उंच पडायची, म्हणून खाली ही ठेवायचो. बाबा, जरा धरा ही, तुमच्याजवळ राहू दे.

आर्विड : दे इकडे. पाय ठेवायला बरी आहे.

मार्लिस : जा मग. ब्रेक हळू दाब. आणि डावीकडे ओढत नाही, तेवढं बघून मला सांग.

रमोना : येते!

आर्विड : जोरात नेतेय.

मार्लिस : नाही. आम्ही पण पहिल्यांदा अशीच नेली होती. बाबा, तुम्हाला नक्की काय पाहिजे आहे?

आर्विड : मला? काही नको. सगळं ठीक आहे. वाईट म्हणता येणार नाही.

मार्लिस : आज आणखी कोणी गिऱ्हाईक आलं असतं तर तेही पळवलं असतंत. मागच्या आठवड्यात तो फार्गोचा माणूस आला, त्याला सांगितलंत की गाडीत उंदीर आहेत.

आर्विड : असू शकतात.

मार्लिस : तुम्हाला मी इथे नकोय, हे मला कळलंय. ते सरळ बोला. पण मी जाणार नाहीये. हिवाळ्यात तुम्हाला एकट्याला ठेवून मी यूमाला उन्हात बसू शकत नाही. तुम्हाला आवडो, न आवडो.

आर्विड : म्हणजे राखण करायला राहणार.

मार्लिस : राखण म्हणा.

आर्विड : राखणीला कुत्रं पाळलं असतं मी. कमी बोलतं.

मार्लिस : हे असं. हे असं बोलता आणि मग मी अंगणात झोपते तर चर्चभर सांगता.

आर्विड : मग आत का नाही आलीस?

मार्लिस : कारण तुम्ही नको म्हणालात!

आर्विड : मी? कधी?

मार्लिस : हॉस्पिटलमध्ये. एप्रिलमध्ये मी यूमाहून सरळ आले, अंगावरच्या कपड्यांनिशी. तुमच्या खाटेपाशी बसून विचारलं, बाबा, मी येऊन राहू का तुमच्याजवळ? तुम्ही काय म्हणालात?

आर्विड : म्हणालो, कशाला, तुला तुझं आहे.

मार्लिस : आणि ऑगस्टमध्ये. मक्याची कणसं सोलत होतो आपण. मी म्हटलं, हिवाळाभर राहते ना मी, वरची खोली लावून घेते. तुम्ही म्हणालात, हिवाळ्यात यूमाला बरं असतं.

आर्विड : असतंच.

मार्लिस : आणि तेव्हापासून रोज सकाळी पेपर उघडून, यूमाला हवा छान आहे. यूमाला हवा छान आहे. माणसाने किती वेळा ऐकायचं, जा म्हणून?

आर्विड : जा कोण म्हणालं? नऊ वर्षं तू तिकडे होतीस. मी पेपर उघडला की पहिली तुझ्या गावची हवा बघायचो. कधी यूमा, कधी टेक्सस, कधी ते ओरेगनचं काय ते. आता डोळे आपोआप तिकडेच जातात. गेले की वाचतो. आपल्याकडची हवा काय, खिडकीतून दिसते. आणि तू दोनदाच विचारलंस.

मार्लिस : काय?

आर्विड : एप्रिलमध्ये एकदा. ऑगस्टमध्ये एकदा. मी नको म्हटलं, नको म्हटलं. म्हटलं, आता विचारेल. सप्टेंबर गेला. मग एके दिवशी ऑर्लिन सांगतो, तुझ्या लेकीने गाडी विकायला काढलीय, दुकानात कागद लावलाय.

मार्लिस : बाबा, तुम्ही तिसऱ्यांदा विचारायची वाट बघत होतात?

आर्विड : वाट कसली. रीत आहे ती.

मार्लिस : ही काय वडी आहे? मी काय भोपळ्याची वडी आहे, तीनदा आग्रह करायला?

आर्विड : वडीसाठी तीनदा विचारायचं आणि गाडीतलं घर मोडण्यासाठी दोनदा? तू इतकी वर्षं होतीस कुठे? नको म्हणजे नको, हे कुठल्या राज्यात चालतं?

मार्लिस : उरलेल्या एकोणपन्नास राज्यांत! बाहेर माणूस नको म्हणाला की नको असतं. गाडी उभी करू का इथे? नको. संपलं, आपण पुढे जातो. दारावर दुसऱ्यांदा थाप मारली तर लोक बंदूक काढतात.

आर्विड : तुझ्या आईने मला दोनदा नाही म्हटलं होतं. माझ्या गाई बघून. म्हणाली, यांना सोडून कोण कुठे जाणार. तिसऱ्यांदा विचारलं म्हणून तू आहेस.

मार्लिस : आईला तुमच्याशी लग्न करायचं होतं.

आर्विड : मग तेच तर सांगतोय.

मार्लिस : पहिल्याच वेळी हो म्हटलं असतंत तर काय बिघडलं असतं? हॉस्पिटलमध्ये मी रडत होते, बाबा. दिसलं नाही?

आर्विड : दिसलं. रडणाऱ्या माणसाला हो म्हणायचं नसतं. उद्या डोळे पुसल्यावर त्याला पस्तावा होतो. चाळीस वर्षं मी सकाळ-संध्याकाळ त्या गोठ्यात होतो. गाई होत्या म्हणजे होत्या. दूध काढायला मी हवाच. ख्रिसमसला हवा, तापात हवा, माझा बाप गेला त्या दिवशी हवा. बांधलेलं कोण होतं, गाय का मी? तुला कोणी बांधावं, ते मी करणार नाही.

मार्लिस : मी स्वतःहून विचारत होते.

आर्विड : विचारत होतीस, मग थांबलीस. आणि मग गाडी विकायला काढलीस. गाडी विकल्यावर विचारलंस तर तो प्रश्न नाही, मार्लिस. तो निरोप आहे. गाडी दारात उभी असताना विचारायचं. किल्ली हातात असताना. म्हणजे मी नको म्हणालो तर तुला जाता येईल, आणि हो म्हणालो तर तू राहिलीस असं होईल. त्याशिवाय मी काय आहे? एक म्हातारा, ज्याच्यासाठी लेकीने घर विकलं. मला विचारलं का कोणी?

मार्लिस : म्हणून छत गळत होतं.

आर्विड : म्हणून.

मार्लिस : आणि उंदीर.

आर्विड : उंदरांचं मला खात्रीने माहीत नाही.

मार्लिस : मला वाटत होतं तुम्हाला माझा कंटाळा आलाय. पाच महिने मी रात्री त्या बिछान्यावर पडून तुमच्या खिडकीतला दिवा बघायचे. मला वाटायचं, मी आत नसते म्हणून बाबांना बरं वाटतंय.

आर्विड : दिवा मी तुझ्यासाठी ठेवायचो. अंगणात ठेचकाळशील म्हणून. शेतापलीकडे वळली बघ ती. धूळ दिसतेय. तीन वळणं झाली तिची, आता येईलच.

मार्लिस : दिसली मला.

आर्विड : मग काय ते बघ.

मार्लिस : बाबा.

आर्विड : हं.

मार्लिस : मी इथे तुमच्याजवळ राहू का?

आर्विड : तुला उगाच त्रास.

मार्लिस : बाबा! हे तिसरं आहे!

आर्विड : हो हो. तोंडात बसलंय ते. बरं. इतका आग्रह करतेस तर. राहा थोडे दिवस.

मार्लिस : थोडे म्हणजे किती?

आर्विड : आहेत तितके.

रमोना : ...आले! बाई, काय गाडी आहे! मला वाटलं मी अख्खा महाल हाकतेय! मागे कपाटाचं दार एकदा उघडलं, पण बंद केलं मी. आणि मार्लिस, ब्रेक सरळ आहेत, इकडेतिकडे अजिबात ओढत नाहीत... तुम्ही दोघं रडताय का?

आर्विड : धूळ आली तुझी.

रमोना : मला ही हवी. आत्ताच सांगून टाकते, पहिल्या विचारण्यालाच. तुमच्या रीतीप्रमाणे आधी दोनदा नको म्हणायला पाहिजे का?

मार्लिस : नको. तू हो म्हण.

रमोना : हो! पण आजोबा, सॉरी, आर्विड, तुम्ही खरं सांगा. तुमच्यावर माझा विश्वास आहे. ते छताचं काय?

आर्विड : छत उत्तम आहे.

रमोना : अहो, मगाशी तर...

आर्विड : गळायचं म्हणालो. माझ्या जावयाने बुजवलंय. त्याच्या हाताला गुण होता. त्याने बुजवलेलं उघडत नाही.

रमोना : आणि तिसरी शेगडी?

आर्विड : ती लाव बिनधास्त. हिला स्वयंपाक कमी येतो म्हणून लावली नाही.

रमोना : बँकेचा चेक मी भरूनच आणलाय. कागदावर सह्या इथे बॉनेटवरच करू या. मग आजच नेऊ का? उद्या ऊन उतरलं की काम सुरू होईल, परत सुट्टी कधी मिळते कोणास ठाऊक. व्हॅन राहू दे इथे, उद्या रात्रपाळीच्या पोराला घेऊन येते आणि नेते.

मार्लिस : आजच?

रमोना : जमणार नसेल तर...

मार्लिस : नाही, ने. माझं सामान मी गेल्या आठवड्यातच काढलंय, पांघरूण आणि उशी तेवढी उरलीय. थांब, ती आणते. मला वाईट वाटतंय, रमोना, तुला सांगून टाकते. ते माझं मी बघेन. तू ने.

रमोना : पांघरूण मी देते बाहेर. हे घ्या. उशीपण. एक विचारू? मला भीती वाटतेय थोडी. एकटीला जमेल ना?

मार्लिस : पहिले दोन महिने रात्री प्रत्येक आवाजाला उठशील. मग कळतं, कुठला आवाज गाडीचा, कुठला वाऱ्याचा. आणि काहीतरी मागे विसरशील. सगळेच विसरतात. आम्ही पहिल्याच मुक्कामावर पाण्याची नळी सोडून आलो. ड्वेन म्हणाला, वाईट नाही, मला सोडून नाही आलीस.

रमोना : ती चक्कर मारू या ना परत? तुम्ही ओरडा बाहेरून.

मार्लिस : तू एकटी असशील तेव्हा दोन्ही तूच म्हणायचं. प्रश्न पण, उत्तर पण. लोक बघतील, बघू दे. मी तीन वर्षं तेच केलं. नळी?

रमोना : काढली!

मार्लिस : वायर?

रमोना : काढली!

मार्लिस : अँटेना?

रमोना : खाली!

मार्लिस : चाकाखालची लाकडं?

रमोना : आत! मीच ठेवली, बघा!

मार्लिस : पायरी?

रमोना : आत!

मार्लिस : मग जा. आणि कुठे पोचलीस की कळव.

आर्विड : हवा कशी आहे ते कळव. नाहीतर मी बघेन पेपरात. पहिलं कुठे जाणार?

रमोना : समुद्राकडे! कुठला ते ठरवलं नाही! चला, येते!

आर्विड : आता हळू नेतेय.

मार्लिस : आता तिची आहे ना.

आर्विड : वडी उरलीय एक. घे.

मार्लिस : नको.

आर्विड : घे गं.

मार्लिस : नको, बाबा, खरंच... अर्धी द्या.

आर्विड : दुसऱ्या विचारण्यालाच मागितलीस. रीत विसरलीस ती विसरलीसच.

मार्लिस : अंगण केवढं झालं एकदम. बघा, गवत कसं पिवळं पडलंय गाडीखाली. उशी ठेवते वरच्या खोलीत. घर हलत नाही त्याचं काय करू ते बघू.

आर्विड : जानेवारीत वारा सुटला की वरची खोली हलते. तुझी आई म्हणायची, जहाज आहे.

मार्लिस : तुम्ही उठा आता, ऊन उतरलं. हात द्या. अरे, बाबा! लाकडी पायरी राहिली! तुमच्या पायाखाली!

आर्विड : हं.

मार्लिस : मी पायरी विचारली तेव्हा बोलला का नाहीत?

आर्विड : मला कुठे विचारलंस? तिला विचारलंस.

मार्लिस : उद्या व्हॅन न्यायला येईल, तेव्हा देऊन टाकू.

आर्विड : तिचे गुडघे चांगले आहेत. तिला लोखंडी पुरते. ही मागच्या दाराशी ठेव.

मार्लिस : मागच्या दाराशी पायऱ्या आहेत की.

आर्विड : आहेत. पहिली उंच झालीय.

मार्लिस : सिमेंटची पायरी उंच कशी होईल? कधी झाली?

आर्विड : एप्रिलमध्ये.